सरदार सापडला, पण मधल्या पिढ्या कुठे?

प्रश्न : चुलत्यांनी छापून घेतलेल्या वंशावळीत आमचे मूळपुरुष 1674 साली रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेले सरदार होते, असं लिहिलंय. त्यांच्यापासून माझ्यापर्यंत सात पिढ्या भरतात. हे खरं धरावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : साडेतीनशे वर्षं सात पिढ्यांत बसवायची तर जवळजवळ प्रत्येक बापाला पन्नाशीत मुलगा झाला असं मानावं लागेल. पिढीला 28-30 वर्षं धरली तर बाराएक नावं हवीत. म्हणजे एकतर चार-पाच माणसं गळली आहेत, नाहीतर वरचा सरदार नंतर आणून जोडलाय. गळण्याचं एक कारण आपल्या रीतीतच आहे : नातवाला आजोबांचं नाव. ‘राणोजी बिन संताजी’ (बिन म्हणजे मुलगा), ‘संताजी बिन राणोजी’ असं आलटून-पालटून येत राहतं आणि नक्कल करणारा दोघांचा एकच माणूस करून टाकतो.

तेव्हा सरदारापासून खाली उतरू नका, स्वतःपासून वर चढा. तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना 14 आणि फेरफारातल्या वारसनोंदी मागा. जुनं बरंचसं मोडीत असतं, त्यामुळे मोडी वाचणारा जाणकार सोबत हवा. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरला तुमच्या तीर्थोपाध्यायांची, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांची, वही पाहा. तिथे नुसतं आडनाव पुरत नाही, मूळ गाव सांगावं लागतं. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः आपला बाप, आजा, भाऊ सांगितलेले असतात, म्हणून छापील वंशावळीपेक्षा माझा भरवसा त्या वहीवर जास्त.

वतन किंवा इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनचे, म्हणजे इंग्रजी अमलात इनामांचे हक्क तपासणाऱ्या मंडळाचे, कागद आहेत. तिथल्या वंशावळी मोलाच्या, पण इनाम पणाला लागलेलं असताना लिहून दिलेल्या. मला स्वतःला भाऊबंदांच्या तंट्याचे कागद फार उपयोगी वाटतात, कारण तिथे समोरचा पक्ष खोटं नाव सहज खपू देत नाही.

प्रश्न : डीएनए चाचणीने हा निकाल लागेल का? – तेच वाचक

उत्तर : बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र दोन पुरुषांचा मूळपुरुष एक असावा का, एवढं सांगू शकतं. तो पुरुष कोण, हे सांगत नाही. त्यासाठी त्या सरदाराच्या सिद्ध झालेल्या वंशजाचा नमुना जुळवायला हवा. शिवाय दहा पिढ्या मागे तुमच्या पूर्वजांच्या 1,024 जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेबद्दल बोलतं.

प्रश्न : आम्ही नेवाळकर. घरात सगळे ‘आपण राणी लक्ष्मीबाईंचे थेट वंशज’ असं सांगतात. – एक वाचक, मुंबई

उत्तर : राणींना 1851 साली मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये त्यांचे पती गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी भाऊबंदांमधला आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. ते दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानलं नाही आणि झाशी खालसा केली. दामोदरराव पुढे इंदुरात राहिले. म्हणजे राणींचा रक्ताचा वंश नाही. दामोदररावांचा वंश दत्तकाने राणींचाच. बाकीचे नेवाळकर फार तर सासरचे भाऊबंद, आणि तेही कागदाने जुळले तर. घरात तसंच सांगा. मुलं शाळेत हेच सांगणार आहेत.

प्रश्न : आमचे पूर्वज रत्नागिरीकडून इथे आले. ते तिकडचे मोठे जमीनदार होते, असं आजी म्हणायची. शोध कुठून घ्यावा? – एक वाचक, मॉरिशस

उत्तर : तुमच्याकडे तर महाराष्ट्रातल्या अनेकांना न मिळणारा पुरावा आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दफ्तरं जपली आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक, बापाचं नाव, गाव, जिल्हा, जहाज अशी माहिती मिळते. नावांचं स्पेलिंग कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून गाव मोठ्याने वाचून पाहा आणि मगच रत्नागिरीच्या नकाशात शोधा. रत्नागिरी जिल्हा तेव्हा मोठा होता, आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही त्यातच. तिकडची गावंही तपासा.

जमीनदारीचा कागद मिळेपर्यंत ती आजीची आठवण म्हणून वेगळ्या पानावर लिहा. बोटीवर चढलेल्या माणसाचं नाव, क्रमांक आणि बापाचं नाव एवढं हाती आलं, तर वंशावळ तिथून सुरू करा.