ठोशाने दात तुटला, तर ती ‘किरकोळ मारहाण’ ठरते का?

भांडणात तोंडावर ठोसा बसून आपल्या भावाचा पुढचा दात तुटला आणि पोलीस ठाण्यात ‘किरकोळ मारहाण’ म्हणून केवळ एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत) नोंदवली गेली, हे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते योग्य नाही.

रक्त किती गेले, टाके किती पडले यावरून आपण जखमेचे गांभीर्य ठरवतो. कायद्याची मोजणी वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११४ नुसार शारीरिक वेदना, रोग किंवा दौर्बल्य यांपैकी काहीही घडवून आणणे ही दुखापतच असते, त्यामुळे वळ न उमटलेली थप्पडही तीत येते. जबर दुखापतीचे मात्र कलम ११६ मध्ये आठच प्रकार सांगितले आहेत, आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्याच पंक्तीत हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हाही प्रकार आहे. उलट, पुष्कळ टाके पडलेली जखम या आठांपैकी कशातच बसत नसेल, तर ती साधी दुखापतच राहते. हे मला आजही पटायला जड जाते.

हा फरक शिक्षेत उतरतो. साध्या दुखापतीला कलम ११५(२) खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असून गुन्हा अदखलपात्र आहे. जबर दुखापतीला कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत कैद व दंड असून गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; घटना त्यापूर्वीची असेल, तर जुनी भारतीय दंड संहिता लागू होईल.

मात्र दात तुटला एवढ्यानेच कलम ११७ सिद्ध होत नाही. मारणाऱ्याचा तसा हेतू होता, किंवा जबर दुखापत होण्याचा संभव आहे हे त्याला माहीत होते, हेही दाखवावे लागते. ढकलाढकलीत तोल जाऊन दात तुटला असता, तर बचावाला इथे बरीच जागा मिळाली असती. थेट तोंडावर मारलेल्या ठोशाबाबत ती फार कमी उरते. म्हणून ठोसा कोणी, कसा आणि कुठे मारला, हे जबाबात स्पष्ट यायलाच हवे.

दंतवैद्याचा दाखला आणि एक्स-रे लगेच घ्या, आणि दात आधीपासून हलत नव्हता हे दाखल्यात नमूद करता येत असेल तर करून घ्या, कारण बचाव बहुधा तिथेच बोट ठेवतो. त्यानंतरही पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवा आणि तिची पोच जपून ठेवा. तेथेही दखल घेतली गेली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.