रक्ताच्या थेंबावरून चेहरा कळतो का?

प्रश्न : गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएवरून पोलिसांनी संशयिताचं चित्रच तयार केलं असं वाचलं. नाक-डोळ्यांसकट माणूस कळत असेल तर साक्षीदार हवेत कशाला?

उत्तर : चेहरा नाही कळत हो, रंगाचा अंदाज येतो, आणि तोही सगळ्यांचा सारखा नाही. नेहमीची डीएनए टेस्ट दिसण्याबद्दल काहीच बोलत नाही, ती फक्त दोन नमुने जुळवते. पण जुळवायला संशयितच नसला, किंवा नुसती हाडं सापडली आणि कोणाची ते माहीत नाही, तर मग ही दुसरी पद्धत कामाला येते. हायरिसप्लेक्स-एस नावाच्या टेस्टमध्ये डीएनएतल्या फक्त 41 जागा बघतात आणि डोळे, केस, त्वचा यांचा कुठला रंग असण्याची शक्यता किती, तेवढं सांगतात.

डोळ्यांचंच बघा. डीएनए ए, टी, जी, सी अशा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. एचईआरसी2 या जीनमध्ये असंच एक अक्षर आहे, तिथे आई आणि बाबा दोघांकडूनही जी आलं की शेजारच्या ओसीए2 जीनचं काम मंदावतं, मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी बनतं आणि डोळे बहुतेक निळे होतात, ए असेल तर बहुतेक तपकिरी. हे दोन रंग छान ओळखू येतात. घारे, हिरवट आले की टेस्ट चाचपडते. केसांचं तर अजून वेगळं, लहानपणी सोनेरी असलेले पुष्कळांचे केस मोठेपणी तपकिरी होतात, तिथे अंदाज बऱ्याचदा चुकतो.

आणि चेहरा? नुसत्या उंचीसाठी 2022 मध्ये 54 लाख लोकांचा डेटा तपासला तर डीएनएत 12 हजारांवर जागा निघाल्या, मग नाक, हनुवटी, गाल किती अवघड असेल! आत्ताचं वजन किती, व्रण आहेत का, दाढी ठेवली आहे का, हे तर डीएनएवरून कळतच नाही. म्हणून अशी चित्रं छापणं मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण तसे दिसणारे हजारो निरपराध लोक असतात. कॅनडात एडमंटनच्या पोलिसांनी 2022 मध्ये असं चित्र प्रसिद्ध केलं, टीका झाली, चित्र मागे घेऊन माफी मागावी लागली.

पण साक्षीदारही चुकतात बरं का. अमेरिकेत बॅटन रूज शहरातल्या खुनांमध्ये पोलीस साक्षीवरून गोरा माणूस शोधत होते, 2003 मध्ये पूर्वज कुठले ते सांगणाऱ्या वेगळ्या डीएनए टेस्टने सांगितलं की खुन्याचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकी आहेत, तेव्हा कुठे तपासाची दिशा फिरली. खुनी नक्की कोण ते मात्र एका संशयिताच्या गालाच्या आतून घेतलेला नमुना जुळला तेव्हाच ठरलं.