भ्रूण प्रत्यारोपणाचा खर्च: रेसिपियंट गाईंचे दिवस हिशेबात धरलेत का?

दहा गोठवलेले भ्रूण घ्यायचे, ते गोठ्यातल्या सहा उलटणाऱ्या (वारंवार रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या) गाई आणि चार कालवडींमध्ये ठेवायचे, भ्रूणाच्या दराला दहाने गुणायचं आणि जन्मणाऱ्या एका कालवडीमागे खर्च किती ते बघायचं, असा हिशेब तुम्ही मांडलाय. हा हिशेब फार ओळखीचा आहे, म्हणून जरा लांब लिहितो. डोनर म्हणजे भ्रूण देणारी गाय, फ्लशिंग म्हणजे तिच्या गर्भाशयातून भ्रूण धुऊन काढणं, रेसिपियंट म्हणजे तो भ्रूण वाढवणारी गाय, हे तुम्हाला माहीत दिसतंय, तिथे वेळ घालवत नाही.

आधी आकडे. हे सरासरीचे आहेत, गोठ्यागणिक बदलतात, पण दिशा हीच राहते. माज एकत्र आणायला इंजेक्शनं दिलेल्या दर दहा गाईंपैकी सातच्या आसपास गाई ठेवण्याच्या दिवशी खरोखर उपयोगी निघतात. उरलेल्यांना माज येत नाही, भलत्या दिवशी येतो, किंवा तपासताना अंडाशयावर चांगला पीतपिंड (माजानंतर तयार होणारी, गाभण टिकवणारी गाठ) सापडत नाही. म्हणजे दहा भ्रूणांसाठी चौदा गाई तयार कराव्या लागतात. पहिल्या ग्रेडचा (प्रतीचा), नीट गोठवलेला भ्रूण, कसबी हात आणि चांगली गाय असं सगळं जुळलं तर निम्म्या गाभण राहतील. पाच. त्यातली एखादी पुढे गाभडते, राहिल्या चार. साध्या रेतमात्रेपासूनचे भ्रूण असतील तर त्यात निम्मे गोऱ्हे. हातात कालवडी दोन. दहा भ्रूणांचा खर्च या दोघींवर वाटा, म्हणजे भ्रूणाचा दर पाचाने गुणा. एका कालवडीमागचा नुसत्या भ्रूणाचा खर्च तेवढा.

आता जो भाग कुठल्याच दरपत्रकात नसतो तो बघा. प्रोस्टाग्लँडिनची (माज आणणाऱ्या संप्रेरकाची) दोन इंजेक्शनं ११ दिवसांच्या अंतराने, मग दोन-तीन दिवसांत माज, माजानंतर सातव्या दिवशी भ्रूण, आणि माजापासून साधारण ३५ व्या दिवशी सोनोग्राफी. सुरुवातीपासून निकालापर्यंत सात आठवडे. गाभण न राहिलेल्या पाच गाईंचे ४९ दिवस आणि ठेवायच्या दिवशी नापास झालेल्या चार गाईंचे २१ दिवस मोजले तर ३२९ दिवसांचा चारा, खुराक, मजुरी आणि भाकड काळ होतो. दोन कालवडींवर वाटा, एकीमागे १६५ दिवस. गाभण गाईंना पुढे विण्यापर्यंत पोसायचा खर्च यात धरलेलाच नाही. सगळ्यात मोठी गळती इथे आहे आणि बहुतेक जण भ्रूणाच्या दरात घासाघीस करत बसतात.

म्हणून उलटणाऱ्या गाईंवर माझी हरकत आहे. गर्भाशयात जुना जंतुसंसर्ग, आतली चिकटण, कमजोर पीतपिंड यांपैकी काही असेल तर रेतनाने जे होत नव्हतं तेच भ्रूणाचं होणार, फक्त महागात. उन्हाळ्याच्या ताणाने किंवा फलनातच अडचण असल्याने उलटणाऱ्या गाईला भ्रूणाचा फायदा होतो हे खरं, कारण पहिले सात दिवस वगळले जातात. पण तो प्रयोग फ्लशिंगमधून उरलेल्या ताज्या, दुसऱ्या ग्रेडच्या भ्रूणावर करा. विकत घेतलेल्या गोठवलेल्यावर नको.

रेसिपियंट म्हणून प्रौढ वजनाच्या निदान ६० ते ६५ टक्के वजन झालेली, नियमित माजावर येणारी कालवड घ्या, किंवा व्यायल्यावर दोन महिने उलटलेली, वार न अडकलेली गाय. अंगावर मांस पाचच्या मापात २.७५ ते ३.५. भ्रूण ठेवण्याआधी काही आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे चारा बदलू नका, गाडीत चढवू नका. आणि माजाची वेळ लिहून ठेवा, सकाळ की संध्याकाळ तेही. सात दिवसांचा भ्रूण आणि गाईचा सातवा दिवस यांत २४ तासांपेक्षा जास्त फरक पडला की गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं. एवढ्या महागड्या खेळात सगळ्यात स्वस्त वस्तू वही, आणि नेमकी तीच कोऱ्या पानांची सापडते.

ज्या केंद्राशी आमचा संबंध आला त्याचं नाव घेत नाही. तिथे भ्रूणामागे दर पाठ होता, पण ग्रेड, अवस्था, गोठवल्याची तारीख आणि कशात गोठवलाय हे लेखी मागितलं की 'तुमच्या डॉक्टरांना कळेल' एवढंच उत्तर. डॉक्टरांना कसं कळणार? स्ट्रॉ (भ्रूण गोठवलेली बारीक नळी) बाहेरून सारखीच दिसते. एथिलीन ग्लायकॉलमध्ये गोठवलेला भ्रूण वितळवून थेट ठेवता येतो. ग्लिसरॉलमधला असेल तर ग्लिसरॉल टप्प्याटप्प्याने काढावं लागतं, त्याला मायक्रोस्कोप आणि द्रावणं लागतात. तसाच ठेवला तर पेशींत एकदम पाणी शिरतं आणि त्या फुटतात. गाय उलटते, दोष गाईवर येतो, बिल तेवढंच राहतं. भ्रूण कशात गोठवलाय ही ओळ न लिहिणाऱ्याला काहीच भोगावं लागत नाही, याचाच जास्त राग येतो. ही माहिती कागदावर मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

करार भ्रूणामागे करण्यापेक्षा गाभणीमागे झाला तर मी तोच घेईन, दर जास्त दिसला तरी. फक्त गाभण कोणत्या दिवशी मोजणार ते लिहून घ्या. ३० व्या दिवशी मोजली तर पुढची गळती तुमची. ६० वा दिवस मागा. स्वतःची डोनर फ्लश करणार असाल तर सरासरी पाच-सहा उपयोगी भ्रूण धरतात, पण सरासरी फसवी आहे. काही गाई बारा-पंधरा देतात, काही शून्य. चार दिवसांत दिवसाला दोन अशी एफएसएचची (एकाच वेळी जास्त बीजं पिकवणाऱ्या संप्रेरकाची) आठ इंजेक्शनं, रेतमात्रा, द्रावण आणि तज्ज्ञाची फेरी यांचा खर्च शून्यालाही तेवढाच. शिवाय डोनरचं वेत लांबतं. सेक्स्ड (मादी वासरं देणारे शुक्राणू वेगळे काढलेल्या) रेतमात्रेने मादी वासरं ९० टक्क्यांच्या आसपास जातात, पण फ्लशमधले उपयोगी भ्रूण कमी होतात. ती रेतमात्रा प्रयोगशाळेतल्या आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर केलेल्या फलनात) जास्त परवडते. आयव्हीएफचे भ्रूण गोठवले की गाभण राहण्याचं प्रमाण आणखी खाली येतं आणि काही वासरं आकाराने मोठी होतात, म्हणून लहान चणीची कालवड तिथे नको. औषधांचे डोस मी सांगणार नाही, ते तुमच्या पशुवैद्यकाचं काम.

एक आडवाटेची सूचना. थेट ठेवता येणारे भ्रूण असतील आणि डॉक्टर जवळ असतील तर माज एकत्र आणायचा खटाटोप सोडा. कालवड नैसर्गिक माजावर आली की वेळ लिहा, सातव्या दिवशी पीतपिंड कुठल्या बाजूला आहे ते तपासून घ्या, मगच स्ट्रॉ कंटेनरमधून काढा, आणि भ्रूण गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात (फाट्यात) ठेवा. पीतपिंड नसेल तर स्ट्रॉ नायट्रोजनमध्येच राहते, नुकसान फक्त फेरीचं.

तुमच्या बाबतीत: सहा उलटणाऱ्या बाजूला काढा, त्यांची गर्भाशय तपासणी वेगळी करून घ्या. उरल्या चार कालवडी. चारांपैकी तीन जुळतील असं धरा आणि दहा नाही, तीनच भ्रूण घ्या.