परजीवी पेरॉक्साइडच्या माऱ्यातून वाचतात कसे?

प्रश्न : जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर येणारा फेस आपल्या पेशींतील कॅटालेज या विकरामुळे येतो, असे वाचले. आपल्या पांढऱ्या पेशीही जंतू मारण्यासाठी हेच रसायन तयार करतात. मग हिवताप आणि काळा आजार यांचे परजीवी त्यातून वाचतात कसे? त्यांच्याकडेही कॅटालेज असते का?

उत्तर : नाही, या दोन्ही परजीवींकडे कॅटालेज नसते. पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकणारे इतके कार्यक्षम विकर नसतानाही ते तग धरतात, म्हणूनच त्यांची संरक्षणव्यवस्था मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

हिवतापाच्या परजीवीला, म्हणजे प्लाझ्मोडियमला, बाहेरच्या माऱ्यापेक्षा स्वतःच्या आहाराचाच धोका मोठा असतो. तांबड्या पेशीत शिरल्यावर तो तिच्यातील 60 ते 80 टक्के हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून सुटणाऱ्या हीममधील, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोहयुक्त भागातील, लोहाचे ऑक्सिडीभवन होताना सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे घातक रूप आणि पुढे पेरॉक्साइड तयार होते, आणि मोकळे हीम तर पेशीपटलांनाच इजा करते. परजीवी या हीमचे स्फटिक बनवून ते निरुपद्रवी करतो. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की परजीवीच्या अंगात जे तपकिरी-काळे ठिपके दिसतात, ते हेच स्फटिक. हिवतापावरील क्लोरोक्विन हे औषध नेमके हे स्फटिकीभवन अडवते.

स्फटिकांनी हीमचा प्रश्न सुटला, तरी पेरॉक्साइड उरतेच. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन हे दुसरे विकर ते पेरॉक्साइड निकामी करते. मात्र कॅटालेजप्रमाणे पेरॉक्सिरेडॉक्सिन एकट्याच्या बळावर काम करत नाही. प्रत्येक वेळी ते स्वतः ऑक्सिडीभूत होते आणि त्याला पूर्वस्थितीत आणण्यासाठी थायोरेडॉक्सिन हे प्रथिन लागते, थायोरेडॉक्सिनला पूर्वस्थितीत आणणारे रिडक्टेज हे विकर लागते, आणि त्या रिडक्टेजला एनएडीपीएच या रेणूकडून इलेक्ट्रॉन घ्यावे लागतात. एवढे करूनही गरज भागत नसावी, कारण प्लाझ्मोडियम तांबड्या पेशीचे स्वतःचे पेरॉक्सिरेडॉक्सिनसुद्धा आत ओढून घेऊन वापरतो. ज्यांच्या तांबड्या पेशींत एनएडीपीएच तयार करणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या पेशींत एनएडीपीएच अपुरे पडते आणि अशा व्यक्तींना गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. याच व्यक्तींना प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध दिल्यास मात्र तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून ते देण्यापूर्वी ही तपासणी आवश्यक ठरते.

काळा आजाराचा परजीवी लीशमॅनिया तर जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या, म्हणजे भक्षक पेशीच्या, पोटातच, जिथे हा मारा होतो तिथेच, वाढतो. त्याची व्यवस्था आपल्याहून स्पष्टपणे निराळी आहे. पेरॉक्साइड निकामी करण्यासाठी आपल्या पेशी ग्लुटाथायोन हा छोटा रेणू वापरतात. लीशमॅनिया आणि त्याचे भाऊबंद ट्रिपॅनोसोम त्याच कामासाठी दोन ग्लुटाथायोन स्पर्मिडिन या आणखी एका रेणूने जोडून ट्रिपॅनोथायोन नावाचा रेणू बनवतात. अ‍ॅलन फेअरलँब आणि अँथनी सेरामी यांच्या संशोधनातून 1985 मध्ये त्याची रचना उलगडली. वापरलेल्या ग्लुटाथायोनला पूर्वस्थितीत आणणारे आपल्याकडचे ग्लुटाथायोन रिडक्टेज या परजीवींकडे नाही आणि त्यांच्याकडचे ट्रिपॅनोथायोन रिडक्टेज आपल्याकडे नाही. माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण रोग्याला धक्का न लावता परजीवीला मारायचे तर असाच फरक हाती असावा लागतो. काळा आजारावर दीर्घकाळ वापरले गेलेले अँटिमनीचे औषध इतर परिणामांबरोबर ट्रिपॅनोथायोन रिडक्टेजही रोखते, हे पुढे लक्षात आले.

तरीही केवळ या विकरावर बेतलेले औषध अजून वापरात आलेले नाही. ट्रिपॅनोसोमवरील प्रयोगांत असे दिसले, की हे विकर नेहमीच्या एक दशांशापेक्षाही कमी उरेपर्यंत परजीवीचे फारसे बिघडत नाही. म्हणजे त्याला निम्मे रोखून भागत नाही, जवळजवळ पूर्णच बंद करावे लागते. आणि लीशमॅनियाच्या बाबतीत तेही तो जिथे लपलेला आहे त्या भक्षक पेशीच्या आत पोहोचून.