चालू सॉफ्टवेअर जुनं, मग नवं व्हर्जन शिकू का?

प्रश्न : बी.एस्सी. आयटी करून रत्नागिरीतल्या एका लहान कंपनीत लागले आहे. पतसंस्था आणि आंबा व्यापाऱ्यांची सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सगळं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या 5.6 व्हर्जनवर. सर म्हणतात, "चालतंय ना, मग हात लावू नका." पुण्यातले मित्र पीएचपी 8 आणि जावा या दुसऱ्या भाषेच्या 21 व्या व्हर्जनबद्दल बोलतात. बाबा म्हणतात, घराजवळची नोकरी सोडू नकोस. प्रत्येक नव्या व्हर्जनच्या मागे धावायचं का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : प्रत्येक व्हर्जनमागे धावू नकोस. जावाचं नवं व्हर्जन दर सहा महिन्यांनी येतं, पण बहुतेक कंपन्या दीर्घ सपोर्ट असलेल्या 17, 21, 25 वरच थांबतात. मधल्या व्हर्जनमध्ये काय आलं ते वाचून ठेवलंस तरी पुरे.

तुमच्या 5.6 ची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे सिक्युरिटी पॅच 2018 च्या डिसेंबरअखेर बंद झाले. पुढे सापडलेली भोकं पीएचपीची मूळ टीम बुजवत नाही. त्या सर्व्हरवर कुणा मासळीवालीची पिग्मी आहे, कुणा निवृत्त मास्तरांची ठेव आहे. तिथे "चालतंय ना" हे उत्तर मला अजिबात पटत नाही.

तरी सरांची भीती खोटी नाही. 2015 च्या पीएचपी 7 मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स काढून टाकली. ती वापरलेली असतील तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो, म्हणजे निदान कळतं तरी. खरा धोका न कळणाऱ्या बदलाचा. समज, क्लार्कने हप्त्याचा रकाना रिकामा सोडला. पीएचपी 7 पर्यंत रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, आणि 0 यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की उत्तर 'समान' यायचं. 2020 च्या पीएचपी 8 पासून ते 'वेगळे' येतं. कोडमध्ये 'हप्ता शून्य असेल तर थकबाकीत दाखव' अशी ओळ असेल, तर तो खातेदार यादीतून गळेल आणि स्क्रीनवर एकही एरर येणार नाही.

अशा ओळी हुडकून काढणारी माणसं कमी आहेत, आणि तुझं करिअर मला तिथे दिसतं. पायथन या भाषेचंच बघ. पायथन 3 आलं 2008 मध्ये, पण पायथन 2 चा सपोर्ट संपायला 2020 उजाडलं. इतकी वर्षं लोक जुना कोड हलवत होते. 2014 चं जावा 8 आजही कितीतरी ठिकाणी चालू आहे. नव्या व्हर्जनवर कोरा प्रोजेक्ट करणारे फ्रेशर पुण्यात भरपूर मिळतील. चालू हिशेब न बिघडवता जुना कोड नव्यावर नेलेली मुलगी इंटरव्ह्यूला आली, तर समोरचा नीट ऐकून घेईल.

म्हणून बाबांचं सध्यापुरतं ऐक, पण नुसती बसून राहू नकोस. सरांची परवानगी घेऊन कोडची एक प्रत वेगळ्या मशीनवर चालव. डेटा मात्र खोट्या खात्यांचा घे, खऱ्या खातेदारांचा एकही नंबर ऑफिसबाहेर नेऊ नकोस. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये प्रत्येक व्हर्जनसाठी स्थलांतराचं प्रकरण आहे. त्यातला 'जुन्याशी न जुळणारे बदल' हा भाग आधी वाच, नव्या सोयी मागाहून. मग एकच रिपोर्ट जुन्या आणि नव्या व्हर्जनवर काढून आकडे ओळीओळीने ताडून बघ.

वेळही सांभाळ. मार्चअखेर नको, आंब्याच्या हंगामात तर नकोच, आणि गणपतीत ऑफिसात कोणी सापडणार नाही. जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस बरे. पावसात लाईट जाते, तेव्हा बॅकअप दुसऱ्या जागी ठेव आणि तो परत चढवूनही बघ.

सरांकडे जाताना 'नवं व्हर्जन भारी आहे' असं सांगू नकोस. सपोर्ट संपल्याची तारीख, जुळलेले रिपोर्ट आणि बिघडलं तर त्याच दिवशी जुन्यावर कसं परतायचं, एवढं एका कागदावर लिहून ने. सर तरीही नाही म्हणाले, तर शिकलेलं तुझ्याकडे राहतंच. मग पुण्याचा विचार कर, आणि बाबांनाही तोच कागद दाखव.