लपण्यात ताकद घालवू नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. प्रवेश पक्का झाला, फी भरून झाली, एकोणतिसाव्या वर्षी तू पुन्हा शिकायला निघालीस. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की पहिलं सेमिस्टर कुणालाच काही सांगणार नाही. जमतंय का बघेन, अगदीच अडलं तर मग ऑटिझमचं बोलेन. बाकीच्या तुझ्या शंकांना वेळ होता. हे वाक्य वाचून मात्र राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

हा बेत सोडून दे. अडेल तेव्हा सांगण्याच्या अवस्थेत तू नसशील, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. सेमिस्टरच्या मध्यावर तू थकलेली असशील, झोप उडालेली असेल, आणि शब्द घशाशी येऊन अडकतील. नेमक्या तेव्हा तुला अर्ज भरायचा आहे, निदानाचा अहवाल शोधायचा आहे, अनोळखी माणसासमोर बसून आपला त्रास पटवून द्यायचा आहे. शिवाय तोवर तुझ्याबद्दल लोकांचं मत झालेलं असेल. लेक्चरं बुडवते, गटात काम करत नाही, विचारलं तर तुटक बोलते. एकदा बसलेलं मत पुसायला जी मेहनत लागते तिच्या दहाव्या भागात आज एक ईमेल लिहून होईल.

मी सगळ्यांना एकच सांगत आले आहे आणि तुलाही तेच सांगते: तुझ्यापाशी जी ताकद आहे ती शिकण्यासाठी आहे, लपण्यासाठी नाही. दिवसाला मिळते तेवढीच मिळते. समोरच्याच्या डोळ्यांकडे किती वेळ बघायचं याचा हिशेब ठेवणं, हसायचं कधी ते ताडणं, ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येत नाहीये असा चेहरा ठेवणं, हे सगळं त्याच ताकदीतून जातं. मग संध्याकाळी पुस्तक उघडून एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत बसशील आणि म्हणशील, माझं वय झालं, आता डोक्यात शिरत नाही. वयाचा काही संबंध नसतो. दिवसभराची ताकद दुसरीकडे गेलेली असते.

तू लिहितेस, 'इतकी वर्षं निभावलं तसं हेही निभावेन.' हे वाचून मला राग आला, खरंच सांगते. निभावलं म्हणजे काय केलंस? नोकरीतून घरी आल्यावर अंधार करून पडून राहायचीस, हे तूच मला सांगितलं होतंस. तिथे काम ठरलेलं होतं, माणसं तीच होती, तरी ही गत. इथे दर काही महिन्यांनी शिक्षक, खोल्या, वेळापत्रक, सगळं बदलेल. त्यात रोज काहीतरी नवं डोक्यात घ्यायचं असेल. नुसतं निभावायचं असतं तर प्रवेश कशाला घेतलास?

मी पहिल्यांदा शिकायला गेले तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं नावच नव्हतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली 1980 साली, तीही लहान मुलांचा विकार म्हणून. बोलणाऱ्या, मार्क मिळवणाऱ्या मुलीकडे त्या नजरेने कुणी बघत नसे. मोठेपणी शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे त्या पुस्तिकेच्या निकषांत यायला 2013 उजाडलं. तोवर माझ्यासारख्या कितीतरी जणी नुसत्या विक्षिप्त ठरून मोकळ्या झाल्या होत्या. मी शिक्षण अर्धवट टाकलं. भूगर्भशास्त्र होतं. खडकांविषयी मला जे वाटायचं ते पुढे कशाविषयीच वाटलं नाही. ते गेलं याचं दुःख मला आजही आहे आणि कुणी समजूत घातलेली मला खपत नाही. दगडांनी मला थकवलं नव्हतं. दिवसभर इतरांसारखं दिसण्यानं थकवलं होतं. तुझ्या हातात आज निदानाचा कागद आहे आणि तू तो कपाटात ठेवायचा म्हणतेस!

चाळिशीनंतर दुसऱ्यांदा गेले तेव्हा वर्ग सुरू होण्याआधीच विभागाला लेखी कळवलं. मधल्या सुट्टीत गप्पांना बसले नाही, रिकाम्या वर्गात एकटी बसले. सहलीला गेले नाही. निरोपसमारंभालाही गेले नाही. मुलं मला शिष्ट म्हणायची, एका प्राध्यापिकेनं 'जरा मिसळत जा' असं चारचौघांत ऐकवलं. मी मिसळले नाही. ती सुट्टी मला पुढचं लेक्चर ऐकता यावं म्हणून लागत होती आणि पुढचं लेक्चर मी खरोखर ऐकलं. माणूसघाणेपणा म्हणायचं तर म्हणोत. पुन्हा तशीच वागेन.

सवलत घेणं ही फसवणूक वाटते, असंही तू लिहिलंस. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 सालचा आहे. त्याच्या चोविसाव्या कलमात उच्च शिक्षण आणि प्रौढांचं शिक्षण दोन्ही नावानिशी आहेत, आणि तिथे वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत असं म्हटलं आहे. अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, हे त्याच कराराच्या कलम 2 मध्ये येतं. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला तू फसवा म्हणतेस का? पेपर तोच, प्रश्न तेच. तुझी ताकद खोलीतल्या आवाजाशी झगडण्यात न जाता उत्तरात जाईल, एवढाच काय तो फरक.

आता सांगायचं कुणाला. सगळ्यांना अजिबात नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी जो कक्ष किंवा अधिकारी असेल त्याला आणि विभागाला सांगायचं. वर्गातल्या मुलामुलींना सांगायचं की नाही ते पुढे तू ठरव, कधीच नाही सांगितलंस तरी चालेल. आणि सांगायचं ते लेखी. तोंडी सांगितलेलं समोरचा मान डोलावून विसरतो, आणि समोरासमोर बोलताना तू पुन्हा 'तसं काही विशेष नाही' म्हणून माघार घेशील. मी तुला ओळखते.

त्यात तुझी कहाणी लिहू नकोस. 'मला गर्दीचा त्रास होतो' एवढ्यानंही भागत नाही, त्यावर ऐकणाऱ्याला करता येण्यासारखं काही नसतं. काय झालं की काय अडतं आणि त्यावर काय हवं, हे जोडीनं लिही. मोठ्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या आवाजानं प्रश्न वाचता येत नाही, म्हणून परीक्षेला छोटी खोली हवी. ऐकणं आणि लिहिणं एकाच वेळी जमत नाही, म्हणून लेक्चरचं रेकॉर्डिंग किंवा स्लाइड आधी हव्यात. वर्गाची जागा किंवा वेळ बदलली तर आदल्या दिवशी मेसेज हवा. तोंडी परीक्षेत प्रश्न कागदावर समोर हवा. असाइनमेंटमध्ये 'सविस्तर चर्चा करा' म्हणजे किती शब्द आणि कशाला किती गुण, ते लिहून हवं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणी काय करायचं ते पहिल्याच बैठकीत कागदावर उतरवायचं. हे शेवटचं मिळालं की बाकीची मुलंसुद्धा सुटकेचा श्वास टाकतील, बघ.

आणि विषय कमी घेता येत असतील तर कमी घे. एक वर्ष जास्त लागलं तर लागलं. आपलं लक्ष एका गोष्टीत खोल जातं आणि तिथून उपटून दुसरीकडे लावायला त्रास होतो. दिवसाला पाच वेगवेगळे विषय म्हणजे पाच वेळा ती उपटाउपट. दोन विषयांत तू इतरांच्या पुढे जाशील, पाचांत बुडशील. वर्ग सुरू होण्याआधी इमारतही पाहून ये. एकटं बसता येईल अशी एक शांत जागा पहिल्या आठवड्याच्या आत सापडायला हवी.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये आपण कशा दिसू, या काळजीवर तू दोन पानं खर्च केलीस. मी दोन ओळी करते. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने 2012 साली मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यातली समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. मग ती एकट्या तुझ्या खांद्यावर का घेतेस?

उशीर झाला म्हणतेस. ऑटिस्टिक असलेल्या प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांना डॉक्टरेट मिळाली 1989 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या ऑटिझमवरच्या 1943 सालच्या लेखातल्या अकरा मुलांपैकी पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, 1958 मध्ये फ्रेंच घेऊन पदवीधर झाला. आपल्यासारख्यांनी विद्यापीठात पाऊल ठेवणं ही काही नवलाई राहिलेली नाही. मला हेवा वाटतो तुझा, हेही लिहून टाकते. तू जाते आहेस ते काय आहेस हे माहीत असताना. मला तसं जायला अर्धं आयुष्य थांबावं लागलं.

रविवारपर्यंत विभागाला पाठवायच्या ईमेलचा मसुदा मला दे. एका पानापेक्षा मोठा नको. 'क्षमस्व' आणि 'शक्य असल्यास' हे शब्द त्यात दिसले तर मी खोडणार आहे, म्हणून तूच आधी खोड. निदानाच्या अहवालाची प्रत सोबत जोड, पूर्ण अहवाल नको, निष्कर्षाचं पान आणि शिफारशी पुरेत. त्यात तुझ्या लहानपणाविषयी जे आहे ते कुणा कारकुनानं वाचायचं कारण नाही.

तुझी,
मावशी