ओव्हरऑल ७ आहे, तरी रायटिंगचा ६ आडवा का येतो?

तुम्ही बहिणीचे आयल्ट्स अकॅडमिकचे (परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षा) बँड, म्हणजे ९ पैकी गुण, दिलेत: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५, ओव्हरऑल ७. विद्यापीठाची अट ओव्हरऑल ७ आणि एकही बँड ६.५ च्या खाली नको, अशी आहे. इंग्रजी चांगलं असून रायटिंगला ६ कसा आला, आणि आता रिचेकिंगला टाकायचं की पुन्हा बसायचं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मुलांकडून या परीक्षेची तयारी करून घेतो. रायटिंगमध्ये अडकलेली निकालपत्रं सतत बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ओव्हरऑल. चार बँडची बेरीज २७, भागिले ४ म्हणजे ६.७५. सरासरी .२५ वर आली की पुढचा अर्धा बँड मिळतो, .७५ वर आली की पुढचा पूर्ण. म्हणून ६.७५ चे ७ झाले. बेरीज २६.५ असती तर सरासरी ६.६२५ आली असती आणि निकालपत्रावर ६.५ छापलं गेलं असतं. म्हणजे तिचा ७ अगदी काठावरचा आहे. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल.

लिसनिंग आणि रीडिंगचा हिशेब सरळ आहे. प्रत्येकी ४० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. साधारण ३० बरोबर आले की ७ आणि ३५ ला ८. जनरल ट्रेनिंगच्या (नोकरी किंवा स्थलांतरासाठीची आयल्ट्स) रीडिंगला मात्र ७ साठी ३४ च्या आसपास लागतात, कारण तिथले उतारे सोपे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीट-जेईईच्या सवयीने मुलं शंका असलेला प्रश्न कोरा सोडतात, ते इथे करू नये. स्पेलिंग चुकलं तर गुण गेला, आणि दोनच शब्द मागितलेले असताना तीन लिहिले तरी गेला.

आता रायटिंग. इथे उत्तरं मोजत नाहीत, प्रशिक्षित परीक्षक चार निकषांवर बँड देतात: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण. चारही निकषांचं वजन सारखं, आणि टास्क टूचं (निबंध) वजन टास्क वनच्या (आलेख किंवा तक्त्याचं वर्णन) दुप्पट. निकालपत्रावर मात्र रायटिंगचा एकच आकडा येतो. चारातलं नेमकं काय कमी पडलं हे त्यावरून कळत नाही, आणि मग घरोघरी ‘व्होकॅब्युलरी वाढव’ हा एकच सल्ला दिला जातो. माझ्या अनुभवात शब्द कमी पडले म्हणून ६ वर राहिलेली मुलं थोडी. बाकीची पहिल्या दोन निकषांत किंवा व्याकरणात अडकतात.

समजा प्रश्न असा आहे: शहराच्या मध्यभागी खाजगी गाड्यांवर बंदी घालावी, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? आपल्याकडची मुलं एक परिच्छेद फायद्यांचा लिहितात, एक तोट्यांचा, आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंचा विचार करायला हवा’ असं लिहून मोकळी होतात. इंग्रजी चांगलं असतं, पण ‘कितपत’चं उत्तर कुठेच नसतं. सातच्या बँडला तुमची भूमिका स्पष्ट आणि विकसित केलेली हवी. पहिल्या परिच्छेदात ‘बंदी हवी, पण सार्वजनिक वाहतूक सुधारल्यावरच’ असं म्हणा आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच म्हणण्याला बांधा, तर तोच विद्यार्थी या निकषात वर जातो.

दुसरी सवय म्हणजे प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘ऑन द अदर हँड’. बऱ्याच क्लासमध्ये हे घोकून घेतात, त्याचा मला मनापासून राग येतो. जोडशब्दांचा असा यांत्रिक वापर हे परीक्षकांच्या वर्णनपत्रात सहाच्या बँडचंच लक्षण म्हणून दिलं आहे. व्याकरणात सातला बिनचूक वाक्यं वारंवार दिसायला लागतात. आपली वाक्यं बहुतेकदा ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकल्स गाळल्यामुळे किंवा चुकीच्या जागी घातल्यामुळे बिघडतात. प्रत्येक चूक किरकोळ, अर्थ सगळा कळतो, पण पानभर बिनचूक वाक्यं मोजायला गेलं तर चार-पाचच सापडतात.

शब्दमर्यादाही बघा: टास्क वन किमान १५०, टास्क टू किमान २५०. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उचलली तर ती मोजणीत धरत नाहीत.

सहाचे साडेसहा करायला सगळं इंग्रजी बदलावं लागत नाही. चारही निकषांत ६ असतील तर दोन्ही टास्कमध्ये दोन-दोन निकष सातवर नेले की सरासरी ६.५ होते. मी सुरुवात भूमिका आणि मांडणीपासून करायला सांगेन. व्याकरण सुधारायला महिने जातात, हे दोन निकष काही आठवड्यांत हलतात.

स्पीकिंगला तिला ६.५ आहे, ते पुरेसं आहे. एवढंच सांगतो की मराठी वळणाच्या उच्चाराला गुण कापत नाहीत, ऐकणाऱ्याला सहज कळतं का ते बघतात. ब्रिटिश ढब आणायच्या नादात मुलं अडखळतात आणि ओघाचे गुण घालवतात.

आता निर्णय. रिचेकिंगसाठी परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत अर्ज करता येतो. पहिला बँड माहीत नसलेला वरिष्ठ परीक्षक पेपर पुन्हा तपासतो आणि बँड वाढला तर फी परत मिळते. तिचे सरावाचे निबंध कडक तपासणाऱ्या शिक्षकाकडे सातत्याने ७ चे येत असतील तरच मी हे करेन. नाहीतर वाट बघण्यात मोलाचे दिवस जातात.

पूर्ण परीक्षा पुन्हा देण्यात मात्र धोका आहे. समजा रायटिंग ६.५ झालं, पण त्या दिवशी लिसनिंग ७ आणि रीडिंग ६.५ आलं, तर बेरीज २६.५, आणि ओव्हरऑल ७ गेला. त्यापेक्षा वन स्किल रीटेक बघा. मूळ परीक्षा कंप्युटरवर दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकच कौशल्य पुन्हा देता येतं आणि बाकीचे तीन बँड तसेच राहतात. तिला ६.५ मिळाले की सरासरी ६.८७५, म्हणजे ओव्हरऑल ७ कायम आणि अटही पूर्ण. पण रीटेकचं निकालपत्र सगळीकडे चालत नाही. फी भरायच्या आधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर घ्या, आणि व्हिसासाठी वेगळा नियम आहे का तेही तपासा.

जाता जाता, इथे कॅनडात स्थायिक होण्याच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेची तयारी करणारेही वाचत असतील. तिथे ओव्हरऑल धरतच नाहीत. जनरल ट्रेनिंगमध्ये सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषाकौशल्याच्या मोजपट्टीवरची नववी पातळी) साठी लिसनिंगला ८ आणि उरलेल्या तिन्हींत ७ लागतात, त्यामुळे ओव्हरऑल ७.५ असूनही रायटिंगच्या ६.५ वर सीएलबी ९ हुकतो.

बहिणीचा सरावाचा एखादा टास्क टू, प्रश्नासकट, इथे टाका. चारातला कुठला निकष मागे पडतोय ते मी बघून सांगतो.